एकवीसचा पाना

सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत स्कूटर आली तशी तिची भाषाही आली. "गाडी मिसिंग करतेय", "प्लगवर कार्बन आलाय", "करंट येतोय का बघ", "पाना नीट बसलाय का?" ही वाक्यं अंगणातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून अंगणात ये-जा करायची. आजीला स्कूटरवर बसायची भीती वाटायची, पण प्लग गेला म्हणजे काय झालं ते तिलाही कळायचं. मुलाला ऑफिसला उशीर होण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असायचं. आज पन्नाशी-साठीत असलेल्या आम्हा सगळ्यांच्या लहानपणी प्लग बदलणं हे दिवाळीला माळा झाडण्याइतकं घरचं काम होतं. ते ज्या एका हत्यारावाचून अडायचं, त्या हत्याराची ही आठवण.

प्लगचं काम सांगायला सोपं. चिनीमातीच्या अंगातून जाणारी एक दांडी, तिच्या टोकाशी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त फट, आणि त्या फटीत पडणारी ठिणगी. त्या ठिणगीनं सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. पण टू-स्ट्रोक स्कूटरला वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागायचं. लिटरला वीस मिलिलिटर हे आम्हा मुलांनाही पाठ होतं. ते ऑइल पेट्रोलबरोबर जळायचं, पण पुरतं जळायचं नाही. उरलेली काजळी प्लगच्या टोकावर धरायची, फट भरली की ठिणगी बंद. जास्त ऑइल घातलं तर इंजिन जास्त टिकेल अशी कित्येकांची समजूत होती, त्यांचे प्लग तेवढेच लवकर जायचे.

बजाजचा पियाज्जिओशी असलेला व्हेस्पाचा करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक आली. पुढची कथा सगळ्या घरांत सारखीच आहे. नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा, म्हणून अमेरिकेतल्या काकाला पत्रं जायची. इतकी वाट बघून आलेली गाडी कोणी सहजासहजी दुसऱ्याच्या हातात देत नसे. रविवारी सकाळी लेंगा आणि जुनं बनियन घालून आमचे वडील, काका, मामा, शेजारचे भाऊ सगळे आपापल्या स्कूटरपुढे बसलेले असायचे. मिस्त्रींकडे गाडी न्यायची ती इंजिन उतरवायचं असेल तरच. प्लग, क्लच वायर, ब्रेकची वायर घरी. हाताला काळं लागलं म्हणून कोणाला कमीपणा वाटला नाही. माझ्या मते त्या पिढीची ही फार मोठी गोष्ट होती.

मोटारसायकलवाल्यांचं सोपं होतं. राजदूत असो की येझदी, प्लग डोक्यावर उघडा, चारी बाजूंनी मोकळा. लूनाचं तर त्याहून सोपं. स्कूटरचं तसं नव्हतं. इंजिन उजव्या बाजूच्या फुगीर कव्हराखाली. कव्हर काढलं की आत सिलिंडरभोवती काळ्या पत्र्याचं आवरण, पंख्याची हवा सिलिंडरवरून फिरावी म्हणून घातलेलं. त्या आवरणाच्या भोकात प्लग, वर त्याची टोपी, आणि आजूबाजूला बोटं शिरतील एवढीच जागा. वरून चेसीचा पत्रा, खालून सायलेन्सर. गाडी नुकतीच बंद केलेली असेल तर हे सगळं भाजणारं.

इथे हत्याराचा प्रश्न यायचा. घरात पाने कमी नसायचे. फिक्स पाना होता, पण तो नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि त्याला फिरवायला शेजारी मोकळी जागा लागते. त्या पत्र्यात ती नव्हती. रिंग पाना सहाही बाजूंनी धरतो, पण प्लगची चिनीमाती नटाच्या वर चांगली बोटभर उंच. तिच्यावरून रिंग खाली उतरवली तरी दांडा पत्र्यावर अडायचा. स्क्रू पाना आणि पक्कड यांची नावं काढली तरी आण्णा, म्हणजे माझे वडील, रागवायचे. पक्कडीनं प्लगच्या कडा मारल्या की पुढच्या वेळी बरोबरचा पानाही त्यावर बसत नाही. म्हणून नळीचा पाना. तो वरून सरळ उतरतो, चिनीमातीला पोटात घेतो, खाली षटकोनी तोंडानं नट धरतो आणि फिरवण्याचं काम बाहेर, मोकळ्या हवेत, आडव्या दांडीवर, म्हणजे टॉमीवर, करू देतो. अवघड जागी पोचायचं म्हणजे पकड आत आणि हात बाहेर, हे सगळं त्या साध्या नळीत होतं.

त्या प्लगच्या नटाचं माप २०.८ मिलिमीटर, पण सगळे त्याला एकवीसच म्हणायचे. गाडीबरोबर आलेल्या किटमध्ये पाना मिळायचा, तो हरवला की शोध सुरू. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर. पैसे वाचवायचे तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याचा जुना बाजार. तिथे जमिनीवर पसरलेल्या लोखंडाच्या ढिगातून पाना निवडताना मी आण्णांना पाहिलंय. ते आधी नळीवर उभी शिवण आहे का बघायचे. पत्रा वळवून केलेल्या स्वस्त पान्याला अशी शिवण असते, आणि जोर लागला की पाना तिथेच उघडतो. मग तोंडात अंगठा घालून सहाही कोपरे चाचपायचे. कोपरे गोल झाले असतील तर पाना परत ढिगात. खिशातून जुना प्लग काढून तो पान्यात घालायचे आणि हलवून बघायचे. खळखळला तर नको. शेवटी लांबी. नळी आखूड असली तर टॉमी पत्र्याला लागते, फार लांब असली तर हात जरासा कलला तरी खाली पाना तिरका होतो. नाशिकच्या सातपूरमध्ये तयार होणाऱ्या तापडियाच्या हत्यारांना आमच्याकडे मान होता. त्यांचा एखादा पाना घरात असला तर तो वेगळा ठेवला जायचा आणि शेजारी मागायला आले की, "आजच परत द्या हं" असं आवर्जून सांगितलं जायचं.

पाना तिरका झाला तर काय होतं, हे आमच्या आत्याच्या यजमानांच्या स्कूटरनं सगळ्या वाड्याला शिकवलं. नवा प्लग बसवल्यापासून गाडी चढावर अडखळत होती. कार्ब्युरेटर साफ झाला, कॉइल बदलली, पॉइंट घासले. कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी संध्याकाळच्या अंधारात गाडी चालू ठेवून टोपीखाली बघायला सांगितलं, तेव्हा चिनीमातीवरून एक बारीक निळी रेघ पळताना दिसली. पाना कलल्यामुळे चिनीमातीला केसाएवढी चीर गेली होती आणि ठिणगी टोकाशी न पोचता त्या चिरेतून बाहेरच पळत होती.

टॉर्च धरायचं काम आम्हा मुलांचं. वडिलांच्या हातावर सावली पडणार नाही असा टॉर्च धरणं सोपं नसतं, आणि ज्यानं त्या काळी तो धरलाय त्याला "इकडे गं, इकडे" हे शब्द आजही ऐकू येतील. माझ्याकडे टॉर्चखेरीज आणखी एक काम आलं, कारण माझा हात घरात सगळ्यांत लहान होता. प्लग काढायचा आण्णांनी, पण नवा प्लग त्या भोकात लावून पहिले आटे घ्यायचे मी.

"आधी थंड होऊ दे," ते म्हणायचे. "गरम असताना हेडचं ॲल्युमिनिअम नरम असतं. आटे गेले तर सगळं गेलं."

"आण्णा, झालं असेल आता थंड. हात लावून बघा ना तुम्ही."

मग ते पालथ्या हातानं पत्रा चाचपून मान डोलवायचे. मी टोपी रबराला धरून सरळ ओढायची. वायरला धरून ओढलं की वायर आतून तुटते. पाना त्यांचा. डाव्या तळव्यानं नळी खाली दाबून धरायची, उजव्या हातानं टॉमीला छोटासा हिसका. कट् असा आवाज आला की बाकीचं बोटांनी. नवा प्लग माझ्या चिमटीत. पहिल्यांदा उलटा फिरवायचा, डावीकडे, हलकेच. एका जागी तो अगदी किंचित खाली उतरल्याचं बोटांना कळतं. दोन्ही आट्यांची तोंडं तिथे जुळलेली असतात. तिथून उजवीकडे. दोन-तीन फेरे विनासायास गेले तरच पुढे, जरा जरी अडला तरी परत मागे. पुरता हातानं बसला की शेवटचा अर्धा फेरा पान्यानं, तोही नवा वायसर दबून बसण्यापुरता. जुनाच प्लग साफ करून लावायचा असेल तर वायसर आधीच दबलेला, मग नुसता एक हलका दाब. पोलादी प्लग आणि ॲल्युमिनिअमचं हेड यांत हार नेहमी ॲल्युमिनिअमची होते, हे मला शाळेत कोणी शिकवलेलं नाही.

काढलेला प्लग वाचायचा असतो, हेही तिथेच कळलं. टोक बिस्किटी रंगाचं असेल तर सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर ऑइल जास्त किंवा चोक ओढलेला राहिलाय. पांढरंफटक असेल तर इंजिन तापतंय, किंवा प्लगचा नंबर चुकलाय. प्लगच्या अंगावरचा नंबर म्हणजे तो किती उष्णता बाहेर टाकतो त्याची खूण. दुकानदारानं "हाही चालतो" म्हटलं तरी आण्णा चिठ्ठीवर लिहिलेलाच नंबर आणायचे. मायकोचे प्लग त्या काळी घरोघर असायचे. बॉशची भारतातली ही कंपनी १९५१ सालची, बंगळूरची. २००८मध्ये तिनं मायको हे नाव सोडून बॉश हे नाव घेतलं. पण आमच्या पिढीतले लोक अजूनही प्लगला मायकोच म्हणतात.

फट मोजायला फिलर गेज सगळ्यांकडे नसायचं. आमच्याकडे हॅक्सॉचं तुटलेलं पातं होतं. हातकरवतीच्या त्या पात्याची जाडी ०.६ मिलिमीटरच्या किंचित वर असते आणि स्कूटरच्या प्लगची फट ०.६च्या आसपास हवी असते. दात नसलेल्या बाजूनं पातं फटीत जरासं घासत गेलं की माप बरोबर. हे कोणी शोधून काढलं कोण जाणे, पण सोलापूरपासून मालवणपर्यंत जिथे जिथे मी विचारलंय तिथे हे पातं निघालंय.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर घरातल्या गाड्या बदलू लागल्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, फोर-स्ट्रोक. ऑइल वेगळं, प्लग महिनोन्‌महिने स्वच्छ. तिचा प्लग बारीक, नटाचं माप सोळा. म्हणजे घरात दुसरा पाना आला, आणि "एकवीसचा की सोळाचा?" हा प्रश्न. त्याच सुमारास कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, गिअर नाही, आणि आमच्या मावश्या, आत्या, शाळेतल्या बाई बिनधास्त गाडी चालवू लागल्या. या गाडीनं बायकांना जे दिलं त्याचं मोल फार मोठं आहे. तिनं प्लग मात्र प्लॅस्टिकच्या अंगाखाली नेऊन ठेवला. गाडी वापरायला जितकी सोपी झाली तितका प्लग दूर गेला, आणि तिथून पुढे तो दूरच जात राहिला. पुढे पल्सरच्या डीटीएस-आय इंजिनात एका सिलिंडरला दोन प्लग आले. मिस्त्रींकडे नव्या मापाच्या बारीक, लांब नळ्या दिसू लागल्या.

मारुतीची व्हॅन १९८४ची. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. कोकणात गणपतीला जायच्या आधी मामा तिचे प्लग बदलायचा तेव्हा सीट उचलली जायची, सतरंज्या, पाण्याचा जग, मोदकपात्राची पिशवी सगळं बाहेर. प्लग एक नाही, तीन. तिथे आम्ही पहिल्यांदा गोटी पाहिली. गोटी म्हणजे सॉकेट, गॅरेजमध्ये त्याला दुसरं नाव नाही. गोटी, तिच्यावर एक्स्टेन्शनची दांडी, वर रॅचेट. नळी आणि टॉमीला अर्धा फेरा फिरायला जागा लागायची. रॅचेटला दोन-तीन दात पुढे सरकण्याएवढी जागा पुरते. दातांचा तो करकर आवाज ऐकून आण्णा कितीतरी वेळ मामाशेजारी उकिडवे बसून राहिले होते. त्यांनी ते रॅचेट हातात घेऊन उलटसुलट फिरवून पाहिलं, आणि पुढच्या पगाराला सोळा-एकवीसच्या गोट्यांसह एक घरी आणलं.

आताच्या बहुतेक मोटारींत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतात, आणि प्लग त्यांच्या मधोमध, एका खोल विहिरीच्या तळाशी. वरून कॉइल थेट प्लगवर बसलेली. वायर नाही, टोपी नाही. आमच्या ओळखीतले पुष्कळजण हे बघून म्हणतात की आता घरी काही करायचं उरलंच नाही. मला ते पटत नाही. स्कूटरच्या पत्र्याआडचा प्लग आणि ही विहीर यांत फरक फक्त खोलीचा आहे, आणि खोलीसाठी हत्यार मिळतं. खोल गोटी घ्यायची, बहुतेक गाड्यांना सोळाची, काही नव्या गाड्यांना चौदाची. तिच्या आत रबर किंवा लोहचुंबक असलाच पाहिजे, नाहीतर सैल झालेला प्लग वर काढायचा कशानं? एक्स्टेन्शन विहिरीच्या खोलीपेक्षा मोठं. वरचा काही भाग आडवा येत असेल तर मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, पण तो गोटीपासून दूर, विहिरीच्या बाहेर वळला पाहिजे. आत वळला तर गोटी कलते आणि चिनीमातीची तीच जुनी गोष्ट होते. प्लग सैल करण्याआधी सायकलच्या पंपानं विहिरीतली धूळ उडवून लावायची, कारण प्लग निघाला की ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग आत सोडायला रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्यायचा. प्लगच्या वरच्या टोकावर ती नळी बसवून फिरवायची. आटे वाकडे लागले तर रबर घसरतं, जोर पोचतच नाही, आणि हेड वाचतं. माझी चिमूट जे काम करायची ते हा रबराचा तुकडा करतो. शेवटी घट्ट करायला टॉर्क रेंच असेल तर उत्तम. चौदा मिलिमीटर आट्यांच्या वायसरवाल्या प्लगला ॲल्युमिनिअमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर पुरतात, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण.

माझा मावसभाऊ अमेरिकेत मिशिगनला असतो. त्याच्या गाडीत सहा सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे तीन प्लग समोर आणि तीन मागे, डॅशबोर्डच्या पत्र्याला चिकटून. मागचे तीन डोळ्यांना दिसतच नाहीत. तो इंजिनावर ओणवा होऊन, मान बाजूला वळवून, नुसत्या बोटांनी ते काढतो आणि लावतो. आखूड एक्स्टेन्शन, मानेशी वळणारी गोटी, आणि पहिले आटे उलटे फिरवून घ्यायचे. हे त्याला तिकडे कोणी शिकवलं नाही. सांगलीत आण्णांच्या शेजारी बसून तो शिकला होता. त्याच्या मुलीलाही ते येतं.

प्लग आता क्वचित बदलावे लागतात हे खरं आहे. इरिडियमचे काही प्लग लाख किलोमीटरपर्यंत चालतील असं ते बनवणारे सांगतात, आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांत तर प्लगच नसतो. पण गावाकडे बघा. पाठीवरचे फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं, झाडं कापायच्या चेनसॉ, यांतली कितीतरी अजून टू-स्ट्रोक आहेत, पेट्रोलमध्ये ऑइल घालूनच चालतात, आणि ऐन हंगामात त्यांचे प्लग तसेच काळे होतात. त्यांतल्या पुष्कळांना एकोणीसचा पाना लागतो. तो यंत्राच्या हँडलला बांधून ठेवला तर तालुक्याच्या गावाची एक खेप वाचते.

तेव्हा वाचकांना दोन गोष्टी सांगते. घरात पेट्रोलची गाडी असेल तर तिच्या पुस्तिकेत प्लगचा नंबर आणि नटाचं माप बघून त्या मापाची रबरवाली खोल गोटी, एक एक्स्टेन्शन आणि एक साधं रॅचेट एवढं घेऊन ठेवा, आणि पहिल्यांदा प्लग बदलाल तेव्हा घरातल्या मुलाला नाहीतर मुलीला शेजारी बसवा. आणि माळ्यावरच्या पेटीत एकवीसचा जुना, शिवण नसलेला पाना सापडला, पण त्याची स्कूटर केव्हाच गेली असेल, तर तो भंगारात घालू नका. पुण्यात, कोल्हापुरात, मुंबईत जुन्या स्कूटरी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणणारी तरुण मुलं आहेत आणि असा पाना त्यांना बाजारात सहज मिळत नाही. त्यांना द्या, टॉमीसकट.